दुकान उभं करणारा माणूस आणि त्याची न लिहिलेली वही



आमगावच्या स्टेशनपासून बाजाराकडे चालत निघा आणि प्रत्येक जुन्या दुकानात जरा डोकावून बघा. किराणा असो, कापड असो, भांडी असोत की राइस मिलचं ऑफिस. गल्ल्यामागच्या भिंतीवर लक्ष्मी-गणपतीच्या शेजारी एक हार घातलेला फोटो असतोच. गल्ल्यावर बसलेल्या नातवाला विचारा, "हे कोण?" तो लगेच सांगतो, "आजोबा. दुकान त्यांनीच टाकलं." आता पुढचा प्रश्न विचारा. "भांडवल कुठून आणलं होतं? पहिल्या वर्षी किती माल पडून राहिला? सगळ्यात मोठा तोटा कधी झाला, आणि त्यातून ते बाहेर कसे आले?" इथे बहुतेक पोरं थांबतात. "ते काही माहीत नाही बा. आजोबा फार मेहनती होते, एवढं खरं."

मेहनती तर सगळेच होते हो. पण "मेहनती होते" या दोन शब्दांतून नातवाला धंदा शिकता येत नाही. चाळीस-पन्नास वर्षं ज्या माणसाने रोज शटर उघडलं, त्याच्या डोक्यात एक अख्खी वही होती. कोणाला उधार द्यायचं, कोणाला नाही. कोणता माल कधी भरायचा. कोणता व्यापारी शब्दाचा पक्का. ती वही कोणी लिहून घेतली नाही, आणि माणसाबरोबर ती गेली.

आजचा धडा याच विषयावर आहे. घरातल्या धंदा उभा करणाऱ्या माणसाची आठवण कशी ठेवायची, आणि त्या आठवणीतून आपण काय शिकायचं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. शांतपणे वाचा.

उदाहरण कोणाचं घ्यायचं?

मी उदाहरण घेतोय लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. तुम्ही म्हणाल, "सर, एवढ्या मोठ्या कारखानदाराशी आमच्या दहा बाय बाराच्या दुकानाचं काय नातं?" नातं आहे. लक्ष्मणरावांची सुरुवात सायकलच्या दुकानापासून झाली होती. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्यांच्या घरच्या लोकांनी लिहून ठेवलं. पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये कारखान्याची माहिती देणारं 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. शंकररावांनी 'शंवाकीय' हे आत्मचरित्र लिहिलं, मुलगा शंतनुराव यांनीही आपल्या आठवणी पुस्तकात मांडल्या. म्हणून आज शंभराहून जास्त वर्षांनी आपल्याला त्या माणसाचे निर्णय एकेक करून बघता येतात. आपल्या आजोबांचे बघता येत नाहीत. फरक मोठेपणाचा तर आहेच, पण लिहून ठेवण्याचाही आहे.

थोडक्यात त्यांचं आयुष्य

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी होते. पण काही काळाने लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली. त्यांनी यंत्रांचं रेखाटन शिकून घेतलं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली.

नोकरी करता करताच १८८८ मध्ये सायकलींचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर साइड बिझनेस! पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावललं गेलं. १८९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. दुकानाच्या पाटीवर नाव होतं 'किर्लोस्कर ब्रदर्स'.

सायकलीनंतर शेतीच्या अवजारांकडे मोर्चा वळला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती, म्हणून कारखान्याची जागाही सोडावी लागली.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. त्यांनी कुंडलच्या रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जागा दिली आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. जागा म्हणजे निवडुंगाचं रान आणि सापांचा सुळसुळाट. १९१० मध्ये २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले. आज सांगली जिल्ह्यात जे किर्लोस्करवाडी गाव आहे, ते असं वसलं. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले.

आता या आयुष्याला पाच प्रश्न विचारू. हेच पाच प्रश्न तुम्हाला घरी जाऊन विचारायचे आहेत.

प्रश्न १ : त्यांनी काय सोडलं?

आठवणी सांगताना आपण नेहमी काय कमावलं ते सांगतो. लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, पगाराची नोकरी सोडली, बेळगावची बसलेली जागा सोडली. प्रत्येक वेळी हातात शिल्लक काय आहे ते बघितलं. चित्रकला सुटली, पण रेखाटनाचा हात राहिला, तोच पुढे यंत्रांच्या कामी आला.

तुमच्या आजोबांनीही काहीतरी सोडलं असेल. कोणी विडीपत्त्याचं काम सोडून किराण्यात आलं असेल. कोणी मंडईमंडईत फिरून दुकान लावणं सोडून एका जागी बसलं असेल. विचारा, "ते का सोडलं? आणि त्यातलं काय बरोबर घेऊन आलात?" या उत्तरात धंद्याची खरी मुळं सापडतात.

प्रश्न २ : पहिला माल किती दिवस पडून होता?

दोन वर्षं नांगर विकला जात नाही, तेव्हा घरात काय वातावरण असेल, विचार करा. पण लक्ष्मणरावांनी नांगर बंद केला नाही. दोष मालात आहे की गिऱ्हाइकाच्या समजुतीत, हे वेगळं करावं लागतं. मालात दोष असेल तर माल सुधारायचा. समजूत चुकीची असेल तर वापरून दाखवायचं आणि थांबायचं.

आज तुम्ही आमगावात नवीन काही आणता. समजा हातसडीच्या तांदळाची एक किलोची पाकिटं, किंवा मोहाचे लाडू. पहिल्या महिन्यात खपलं नाही की तुम्ही म्हणता, "आपल्या गावात चालत नाही." आजोबांना विचारा, की त्यांच्या दुकानात पहिल्यांदा पाकीटबंद मसाला आला, तेव्हा काय झालं? सुटा मसाला घेणाऱ्या बायांनी तो कधी घ्यायला सुरुवात केली? ते उत्तर तुमच्या कामाचं आहे, कारण गिऱ्हाईक त्याच घरांतलं आहे.

प्रश्न ३ : अडचणीत आधार कोणाचा मिळाला, आणि का मिळाला?

बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा आणि कर्ज दिलं, ते उगाच नाही. त्याआधी लक्ष्मणरावांनी औंधमध्ये बांधकामाचं काम केलेलं होतं. राजाने माणसाचं काम आधी बघितलं, मग पैसा दिला. आधी पत, मग भांडवल.

आपल्याकडेही हेच असतं. गोंदियाच्या एखाद्या ठोक व्यापाऱ्याने आजोबांना नुसत्या शब्दावर माल दिला असेल. तो का दिला? कोणत्या वेळी आजोबांनी स्वतः झळ सोसून त्याचे पैसे वेळेवर पोहोचवले होते? ही गोष्ट नातवाला माहीत नसेल, तर एक दिवस तो त्याच व्यापाऱ्याचा फोन उचलणार नाही, आणि तीस वर्षांची पत तीन महिन्यांत जाईल.

प्रश्न ४ : माणसं कशी निवडली?

हा माझा आवडता भाग आहे. किर्लोस्करवाडीची मूळ माणसं बघा. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार बघितला. शंभोअण्णा जांभेकर यंत्रांकडे होते. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडली होती, पण यंत्रात त्यांचं डोकं चालायचं. लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्र नाही, माणूस बघितला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्यावर गाव विश्वास ठेवत नव्हतं, त्यांच्या हातात कारखान्याची राखण दिली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही नियम होता. त्या काळात असा नियम करणं सोपं नव्हतं.

म्हणून त्या माणसाबद्दल लोकांच्या मनात माया राहिली. माया पगाराने येत नाही, विश्वासाने येते. तुमच्या दुकानात वीस वर्षांपासून असलेल्या हमालाला, दिवाणजीला विचारा की बाबांनी त्याला पहिल्यांदा गल्ल्याची किल्ली कधी दिली. तो दिवस त्याला नक्की आठवत असतो.

प्रश्न ५ : पुढच्या पिढीला काय दिलं?

लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनू याला शिकायला अमेरिकेत एमआयटीला पाठवलं. १९२६ मध्ये तो शिकून परत आला आणि कारखान्यात कामाला लागला. पुढच्या पिढीने फक्त नांगर बनवत बसायचं ठरवलं नाही. पंप आले, इंजिनं आली, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. वडिलांनी नांगर केला म्हणून आपण नांगरच करायचा, असं त्यांनी मानलं नाही. शेतकऱ्याची अडचण ओळखायची आणि त्यावर यंत्र द्यायचं, ही पद्धत उचलली आणि वस्तू बदलली.

हे नीट समजून घ्या. घरोघरी भांडण इथेच होतं. मुलगा म्हणतो क्यूआर कोड लावू, होम डिलिव्हरी करू. काका म्हणतात, "बाबांच्या वेळेस असं नव्हतं." अहो, बाबांच्या वेळेस जे नवीन होतं ते बाबांनी केलंच होतं ना! बाबांची वस्तू आणि बाबांची पद्धत, या दोन गोष्टी वेगळ्या करा. वस्तू बदलता येते. खरं माप, दिलेला शब्द, वेळेवर पैसे, ही पद्धत जपायची.

आता वही कशी लिहायची?

धंदा उभा करणारं माणूस तुमच्या घरात आज हयात असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. उद्यावर टाकू नका.

समोर कागद-पेन घेऊन मुलाखतीला बसू नका, म्हातारी माणसं गप्प होतात. दुपारी दुकानात गर्दी नसते, तेव्हा चहा घेऊन बसा. जुनी वस्तू हातात द्या. पहिला तराजू, जुनं बिलबुक, पायलीचं माप. वस्तू हातात आली की माणूस आपोआप बोलू लागतो. विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. वीस मिनिटं पुरे, पण दर आठवड्याला.

आणि आजीला विसरू नका. दुकान आजोबांच्या नावाचं असतं, पण पहिलं भांडवल कुठून आलं हे आजीला माहीत असतं. कित्येक दुकानं तिच्या पाटल्या गहाण ठेवून उभी राहिली आहेत. रात्री घरी बसून पुड्या कोणी बांधल्या, कामाच्या माणसांचा स्वयंपाक कोणी केला, हे तिच्याकडूनच कळेल. तिच्याशिवाय लिहिलेली गोष्ट अर्धीच.

डोक्यातली उधारी कागदावर आणा

आपला भाग धानाचा. "धान विकलं की देतो," या एका वाक्यावर इथली अर्धी बाजारपेठ चालते. आजोबांना तोंडपाठ असतं की कोणत्या गावच्या कोणाकडे किती राहिले. ते अचानक गेले, तर ती रक्कम कोणाला माहीत?

कायदा काय म्हणतो तेही ऐका. साधी उधारी वसूल करायला दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांची असते. ती संपायच्या आत देणेकऱ्याने बाकी मान्य करून लेखी सही दिली, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. म्हणून वर्षातून एकदा, धानाचा हंगाम झाल्यावर, प्रत्येक उधारी खात्यावर बाकी लिहून गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घ्या. यात अविश्वास काही नाही. "बाबांचं वय झालंय, हिशेब नीट ठेवतोय," एवढं म्हटलं की कोणी रागावत नाही.

द्यायचं किती आहे, तेही लिहा. घेणं लक्षात राहतं, देणं विसरतं. वडिलांच्या माघारी त्यांचं देणं न सांगता फेडणारा मुलगा बाजारात पहिल्याच महिन्यात उभा राहतो.

कागदपत्रं : माया वेगळी, व्यवहार वेगळा

हा विषय काढायला जड जातं, मला माहीत आहे. पण घरातला माणूस गेल्यावर तेराव्याच्या आधीच बँकेत धावाधाव करावी लागते, ती जास्त जड असते.

- दुकान एकट्याच्या मालकीचं असेल, तर ते मालकाच्या पॅनवर चालतं. मालक गेल्यावर जुनी जीएसटी नोंदणी रद्द करून पुढे चालवणाऱ्याला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते. शिल्लक इनपुट टॅक्स क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या नोंदणीकडे वळवता येतं. धंदा पुढे चालवणाऱ्यावर जुन्या कराची बाकीही येते.
- भागीदारी असेल, तर करारपत्र काढून वाचा. करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. दोघा भावांच्या दुकानात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.
- खाण्याच्या पदार्थांचा धंदा असेल, तर अन्न परवाना मालकाच्या मृत्यूनंतर वारसांसाठी ९० दिवस चालू धरला जातो. त्या मुदतीत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करा.
- बँक खात्याला नॉमिनी लावा. पण लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. बहिणींचा हक्कही त्यात असतो, तो विसरून चालत नाही.

तुमच्या प्रकरणात नेमकं काय लागेल ते आपल्या सीएला किंवा वकिलाला विचारून घ्या. मालक हयात असतानाच विचारा.

ज्यांचं माणूस आधीच गेलंय, त्यांनी काय करायचं?

उशीर झाला, असं म्हणून बसू नका. माणूस गेलं तरी त्याचा व्यवहार पाहिलेली माणसं आहेत. जुना नोकर, शेजारचा दुकानदार, माल देणारा व्यापारी, सालेकसा-देवरीकडून येणारं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे जा आणि एकच प्रश्न विचारा : "बाबांनी तुमच्याशी केलेला एखादा व्यवहार सांगा, जो तुम्ही विसरला नाहीत." कोणी सांगेल की दुष्काळाच्या वर्षी बाबांनी बाकी मागितली नाही. कोणी सांगेल की वजनात पावशेर कमी भरलं तेव्हा पोराला घरी पाठवून पोहोचतं केलं. एखादा नाराजीही सांगेल, तीही लिहून घ्या. फक्त गुण लिहिले तर आरती होते, त्यातून शिकता येत नाही.

आणि जे पहिल्यांदाच धंदा सुरू करताय, ज्यांच्या घरात दुकानाची परंपरा नाही, त्यांच्यासाठी हा धडा दुप्पट कामाचा आहे. तुमच्या घरातलं धंदा उभं करणारं माणूस तुम्हीच आहात. आजपासून वही ठेवा. कोणता निर्णय घेतला, का घेतला, काय झालं. महिन्याला एक पान पुरे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातल्या किंवा ओळखीतल्या एका जुन्या दुकानदाराला वरचे पाच प्रश्न विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, भाषा सुधारू नका.

२. घेणं आणि देणं, दोन्हींची यादी करा. नाव, गाव, रक्कम, तारीख.

३. जीएसटी, अन्न परवाना, बँक, भागीदारीचा करार, हे कागद एका फाइलमध्ये लावा. ती फाइल कुठे आहे ते घरातल्या किमान दोन माणसांना सांगा. त्यातली एक बाई असू द्या.

४. बाबांची कोणती पद्धत आपण कधीच बदलणार नाही, ते एका वाक्यात लिहा. जास्त नाही, एकच. ते वाक्य नव्या नोकराला पहिल्या दिवशी वाचून दाखवा.

चौथं काम सोपं वाटतं, पण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागेल. घरात दोन मतं होतील, वाद होईल. होऊ द्या. त्या वादात बाबांबद्दल तुम्ही आजवर न ऐकलेल्या चार गोष्टी बाहेर येतील, त्याही वहीत उतरवून घ्या.

भेटू पुढच्या धड्यात.